शून्य पूर्णांक शून्य एक

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त होताना एलियम्मा चेच्चीने, म्हणजे थोरल्या ताईने, सजिताला बजावलं होतं, "पोरी, आकडा मावत नसेल तर रकाना रुंद कर. आकडा कापू नकोस." सजिताने ते हसण्यावारी नेलं. तिच्याकडे संख्याशास्त्राची पदवी होती. चेच्चीकडे एक छत्री आणि बत्तीस वर्षांची नोकरी.

पुढच्याच फेब्रुवारीत कुट्टनाडातल्या बेटांना बोटीने पाणी पोचवणाऱ्या सजिताच्या उपविभागाचा अहवाल वरच्या बैठकीत गेला, तेव्हा एकूण लिटरच्या रकान्यात ########## एवढंच उमटलं. आकडा लांब आणि जागा अपुरी असली की संगणक असं कुंपण घालून मोकळा होतो. बैठकीतल्या एका वरिष्ठांनी गंभीरपणे विचारलं, एका जाळीत किती लिटर धरायचे? उत्तर कोणालाच देता आलं नाही. त्यामुळे बाब गंभीर ठरली.

उपविभागाचे प्रमुख पणिक्कर सार, म्हणजे सर, घाम पुसतच परतले. रकाना रुंद करू या, असं सजिताने सुचवलंही. पण तक्ता मंजूर नमुन्यातला होता. रुंदी वाढवणं हा राजधानीचा अधिकार. आकड्याची लांबी मात्र उपविभागाच्या अखत्यारीत येत होती. तेव्हा यापुढे सर्व काही कोटी लिटरमध्ये आणि दशांशानंतर दोनच घरं, असं ठरलं. बदल सजितानेच केला. तक्ता असा देखणा दिसू लागला, की सारांनी खुशीत सगळ्यांना पळंपोरी मागवली. केळ्याची ती दोन भजी खाऊन झाल्यावर सजिताची नजर सदतिसाव्या ओळीवर गेली.

ती ओळ पूवत्तुरुत्त बेटाची. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं, महिन्याला चोवीस हजार लिटर. त्या अकरांतलं एक घर सजिताचं. तिथे तिची दोन वर्षांची मुलगी पोन्नू दिवसभर आजीजवळ असे. उन्हाळ्यात भोवतालचं पाणी इतकं खारट होई, की पोरीला त्याने चूळ भरायला द्यायचीही भीती वाटे. आणि तक्त्यात बेटाची गरज होती ०.००.

बोटीच्या फेऱ्या याच तक्त्यावरून ठरत. सोमवारी पाण्याने भरलेली बोट धक्क्यासमोरून सरळ निघून गेली. सासूबाईंनी हाक मारली, तेव्हा चालक तोमाच्चन चेट्टन, म्हणजे तोमाच्चनदादा, वेग कमी न करता म्हणाला, "अम्मा, कागदावर तुम्ही शून्य आहात. शून्यात पाणी ओतलं तर उद्या मला विचारतील, सांडलं कुठे."

सजिता तडक सारांच्या टेबलाशी गेली.

"सार, पूवत्तुरुत्तला शून्य दाखवलंय."

"शून्य कुठाय?" सारांनी चष्मा वर केला. "शून्य पूर्णांक शून्य शून्य आहे. तुमच्या बेटाला दोन शून्यं जास्तच दिलीत, सजिता."

अकराही घरांनी लेखी तक्रार केली. तक्रारींचा तक्ताही त्याच नमुन्यातला, त्यामुळे अकरा तक्रारी ०.०० कोटी भरल्या आणि महिन्याअखेरीस 'तक्रारमुक्त उपविभाग' म्हणून सारांच्या खांद्यावर शाल पडली. सजिता कचेरीतून रोज चार बाटल्या पाणी भरून नेऊ लागली. त्यावरही खुलासा मागवण्यात आला: गरज शून्य असताना पाणी नेण्याचं प्रयोजन काय?

पोन्नूला जुलाब सुरू झाले, त्या दिवशी सजिताने खालच्या आवाजात विचारलं, "सार, तक्त्यात दिसायला कमीत कमी किती लागतं?"

"पन्नास हजार लिटर," सार प्रेमाने म्हणाले. "त्याच्या खाली कोणी असूच नये."

सजिताने पन्नास हजार भरले. तक्त्याने ते वरच्या अंकाला नेऊन ०.०१ दाखवले. ०.०१ कोटी म्हणजे पूर्ण एक लाख लिटर, आणि पुरवठा तक्त्याप्रमाणेच होणार. तीन दिवस बोटींची रांग लागली. टाक्या भरल्या, हंडे भरले, लग्नात पायसमची खीर शिजवायची पितळी उरुळी भरली, माडांची आळी भरली. तरीही पावती पूर्ण लाखाची हवी म्हणून उरलेलं गोडं पाणी तोमाच्चनने खाऱ्या पाण्यात सोडलं. पुढे तपासणी पथक आलं. एवढं पाणी त्रेचाळीस माणसं पिणं शक्य नाही, असा शेरा त्याने मारला आणि बेटाची लोकसंख्या सातशे चौदा करून विसंगती दूर केली.

बोटींची रांग संपेपर्यंत पोन्नू बरी झाली. सजिता अंगणात तिला मोठ्या टपात आंघोळ घालत होती, तेव्हा तोमाच्चन सहज म्हणाला, "इकडे वळवलेल्या बोटी एरवी चेरित्तुरुत्त बेटावरून जायच्या. तेही कागदावर शून्यच, पण बोटीवरची पोरं आपल्या पिण्यातली घागर तिथे देत. तिथे एकच घर आहे. भार्गवी अम्मा एकट्याच राहतात. तीन दिवस कोणी फिरकलं नाही."

चेरित्तुरुत्तची ओळ अडतिसावी, पूवत्तुरुत्तच्या लगेच खालची. तक्ता सजितानेच छापला होता, पण त्या दिवशी तिने तो सदतिसाव्या ओळीपर्यंतच वाचला होता. तिथेही पन्नास हजार भरायचे, तर बोटी आणखी कुठल्या तरी ओळीच्या वळवाव्या लागणार होत्या. टपातलं पाणी घागरीत भरता येईना, त्यात साबण होता. तिने पोन्नूला सासूबाईंकडे दिलं आणि टाकीतून दोन घागरी भरून तोमाच्चनच्या बोटीत बसली.

भार्गवी अम्मांनी दार उघडलं की नाही, हे इथे सांगून उपयोग नाही. ती एक व्यक्ती म्हणजे पुन्हा ०.०० कोटी. सजिताचं मागणं वेगळं आहे. आज सकाळी तुमच्या नळाला पाणी आलं असेल, तर कुठल्या तरी तक्त्यात तुम्ही दिसता आहात. आपली ओळ सापडली की वाचणं थांबवायची सवय तुम्हालाही असेल. खालच्या ओळीत कोण राहतं, ते तेवढं जाऊन बघा. दार लगेच उघडलं नाही, तर परत फिरू नका.