तांब्या, वाटी आणि वन्सं

काटेवाडीला निघायची वेळ झाली तरी सईचं ठरत नव्हतं, मोठी लेन्स लावावी की छोटी. बारामतीच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकाच्या ओट्यावर, दोघी दाखवायला बसवलेल्या मुलींसारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. पुण्याच्या दुकानदाराने दोन्ही वापरून बघायला दिल्या होत्या. महिनाअखेर एक ठेवायची, दुसरी परत करायची.

मोठीचा डोळा टपोरा. अंधाऱ्या खोलीतही फ्लॅशशिवाय फोटो काढील अशी, पण अंगाने गलेलठ्ठ. छोटी इतकी चपटी की तान्ह्या लेकीच्या, अबोलीच्या दुपट्यांच्या पिशवीत मावून जायची, पण तिला उजेड भरपूर लागायचा. सईच्या नवऱ्याने, मिहिरने, त्यांना नावं दिली होती : तांब्या आणि वाटी.

"दोन्ही घे," अबोलीच्या पायात मोजे चढवत तो म्हणाला. "आणि लेन्सपेक्षा अक्काचं बघ. या खेपेलाही तिचा चेहरा आला नाही, तर आपली धडगत नाही."

अक्का म्हणजे मिहिरची थोरली बहीण, सईच्या विमल वन्सं. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. अबोलीच्या बारशाला वन्सं पाळण्यावर वाकल्या, बायकांची झुंबड उडाली आणि फोटोवाल्याच्या अख्ख्या अल्बमात वन्संची आली ती नुसती पाठ. "पाठ दावायला पैठणी नेसले हुते व्हय मी?" हा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक सणाला वन्संच्या सासरहून, नरसिंहपूरहून येत राहिला. आता सईच्या जावेच्या, सुप्रियाच्या मुलाचं बारसं होतं, आणि फोटो मीच काढीन, तुमचा चेहरा येईलच, असा शब्द सई देऊन बसली होती.

काटेवाडीच्या घराचं माजघर अंधारं, म्हणून सईने तांब्या लावला. कॅमेरा तिच्या वडिलांचा, जुना, रोलचा. त्यात बघायची खिडकी वरच्या कोपऱ्यात वेगळी; फोटो उतरतो तो लेन्समधून. सईने खिडकीला डोळा लावला. पाळणा दिसला, सुप्रिया दिसली, घुगऱ्यांची परात दिसली. उजवीकडे खाली मात्र नुसतं काळं. लेन्सचं अंगच खिडकीच्या आड येत होतं. बघू तरी म्हणून तिने दोन-तीनदा बटण दाबलं आणि डोळा न काढताच विचारलं, "वन्सं कुठं गेल्या? बोलवा की त्यांना."

"मी हितंच हाय," आवाज आला. "तुज्या पुढ्यात."

"कुठं? मला नाही दिसत."

बायका खुसखुसल्या. उजव्या कोपऱ्यात, पाळण्याची दोरी धरून सकाळपासून पाटावर बसलेल्या ठेंगण्या वन्सं उठून उभ्या राहिल्या.

"येवढं नळकांडं लावूनबी नणंद दिसंना. अबोलीच्या येळला पाठ तरी दिसली हुती." एवढं बोलून त्या थेट गोठ्यात गेल्या.

आत्या नाही तर नाव नाही. पाळण्याची गाणी घशात अडकली, बाळ जागं होऊन भोकाड पसरू लागलं. कुणीतरी सुचवलं की चुलत आत्या आहे की, तिच्याकडून उरकून घ्या. ही सूचना गोठ्यात पोचायला वेळ लागला नाही, आणि मग आतून कडीच लागली. समजूत घालायला मिहिर गेला आणि तसाच परत आला. "म्हशीशी बोलतेय," तो म्हणाला. "माझ्याशी नाही."

शेवटी सई गेली. दाराच्या फटीतून तिने सगळा दोष तांब्यावर ढकलला, तिथल्या तिथे तो काढला, पिशवीतून वाटी काढून लावली आणि कॅमेरा आत सरकवला. वन्संनी खिडकीतून म्हैस बघितली.

"शेपटीसकट दिसती," त्या म्हणाल्या, आणि कडी निघाली.

वाटीला उजेड हवा म्हणून चौघांनी पाळणा उचलून पडवीत आणला. वन्संनी फर्मान काढलं, सई सांगेपर्यंत कुणी हात उचलायचा न्हाय. त्यांनी बाळाच्या कानात 'विराज' म्हटलं आणि हसरा चेहरा वर केला. मागे दहा-बारा बायका हात उगारून ताटकळल्या. सईने रोल संपेपर्यंत बटण दाबलं, मग मान हलवली, आणि इतका वेळ अडलेले धपाटे एकदम कोसळले.

कॅमेरा आवरताना सईचा अंगठा लेन्सवर गेला आणि तिथेच थांबला. वाटीवर झाकण तसंच होतं. खिडकी वेगळी, त्यामुळे तिला सगळं लख्ख दिसत राहिलं आणि रोलवर उजेडाचा एक कणही उतरला नाही.

"मला दिसलं होतं ते," मिहिर म्हणाला. "मला वाटलं, वाटी असतेच तशी." सुप्रियालाही तसंच वाटलं होतं.

पुण्याला धुवायला दिलेल्या रोलचे फोटो मोबाइलवर यायच्या दिवशी वन्सं सकाळीच बारामतीत हजर झाल्या. सईने चहाबरोबरच सांगून टाकलं, झाकण राहिलं म्हणून. वन्संच्या बशीतला चहा तसाच निवत राहिला. लोकांच्या मोबाइलमधले फोटो त्यांनी आधीच पाहिले होते. त्यात नुसते धपाटेच होते, म्हणजे नुसती पाठ.

तेवढ्यात फोन वाजला. धुऊन निघाले होते फक्त तीन फोटो, माजघरातले, तांब्याचे. सईने पहिला उघडला. पाळणा, सुप्रिया, परात. आणि उजवीकडे खाली, जिथे तिला नुसतं काळं दिसलं होतं तिथे, वन्सं. हातात दोरी, गालावर झरोक्यातला उजेड. त्यांना कॅमेऱ्याचं भानच नव्हतं. बाळाकडे बघत, विसरू नये म्हणून, त्या नाव तोंडातल्या तोंडात घोकत होत्या.

वन्संनी फोनची काच पदराने पुसली आणि पुन्हा बघितलं.

"ही मीच व्हय?"

"तुम्हीच, वन्सं."

बराच वेळ त्यांनी फोन खाली ठेवला नाही. मग ओट्यावरच्या दोन्ही लेन्सकडे बघून विचारलं, "ह्यो कंच्यानं काढला?"

"तांब्यानं," मिहिर म्हणाला.

"मग वाटी दे परत." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "तुला मी दिसले न्हाय, सई. त्येला दिसले."