हरणाला चौथा खांदा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ओझं कसं उचलायचं, हे मला कुणी शिकवायचं नाही! शाळा मी चौथीत सोडली, पण डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर एक घेऊन चढ चढताना मी शेजारणीशी भांडतसुद्धा असे. पाणी सांडत नसे. भांडणही हरत नसे.

आता राहते अमेरिकेत, ट्रॉयला, लेकाकडं. लेक संग्राम मोटारींच्या कंपनीत आहे. शेजारी गॅरी नावाचा एक रिटायर गोरा राहतो, स्वभावानं गरीब. त्यानं संग्रामला शिकारीचा नाद लावला. रीतसर लायसन, नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी, बंदूक, सगळं आलं. हरिण तेवढं येईना! दोन हिवाळे माझा लेक जंगलातून फक्त सर्दी घेऊन आला.

यंदा गॅरी म्हणाला, या शनिवारी नक्की. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाची पंचवीस माणसं आमच्याकडं जेवायला येणार होती. मी लगेच जाहीर करून टाकलं, "शनिवारी हरणाचा रस्सा! माझ्या हातचा!" हरिण अजून जंगलात पाला खात होतं, आणि इकडं माझं खोबरं भाजून झालेलं.

आमच्या विहीणबाई, म्हणजे सूनबाई निधीची आई, शोभनाताई, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. पूर्ण शाकाहारी. बोलणंसुद्धा शाकाहारी, पण पोटात दुखेल असं.

"अहो, पण ते जंगल म्हणे फार अडचणीचं आहे," त्या म्हणाल्या. "गाडी फाटकापर्यंतच जाते. पुढं सरकारची बंदी. मग एवढं धूड आणणार कसं?"

"ते माझ्यावर सोडा."

"सोडते हो. तरी मी आपला मसालेभात लावून ठेवते. पंचवीस माणसं उपाशी नकोत जायला."

मला जे समजायचं ते समजलं! दिवाळीपासून त्यांचा डोळा मंडळाच्या जेवणावर होता. मी म्हटलं, "सातपर्यंत हरिण आलं नाही, तर तुमचा मसालेभात. आणि इथून पुढं मंडळाचं प्रत्येक जेवण तुमच्या हातचं. मी कांदासुद्धा चिरायला येणार नाही!"

निधीनं कपाळावर हात मारला. पण शब्द गेला तो गेला.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. गॅरी, संग्राम, मी, आणि ओढायला हात हवेत म्हणून अंकुर आणि सौमित्र. ही दोघं इथं युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगचं पुढचं शिकतात आणि शनिवार-रविवार आमच्याकडं जेवतात. मी सोबत एक पातेलं घेतलं, काळीज ठेवायला. आणि माझी गोधडी घेतली, गाडीत पायांवर घ्यायला.

या गोधडीबद्दल सांगायलाच हवं. माझ्या आईच्या, सासूच्या आणि माझ्या लुगड्यांची ती. लाल, पिवळी, मध्ये निळा चौकोन. गणपतीत मंडळाच्या हॉलवर मांडली होती. पहिला नंबर! मंडळाची सेक्रेटरी मालिनी तेव्हा मला म्हणाली, "आजी, इतकी सुंदर आहे, पुढं कुणाला देणार?" मी माइकवरूनच सांगितलं, "कुणाला नाही! मी गेले की मला हिच्यातच गुंडाळून न्या. आणि त्या बटणाच्या भट्टीत नको. रानात, झाडाखाली, लाकडावर!" टाळ्या पडल्या होत्या. लक्षात ठेवा.

फाटकापाशी गाडी लावून गॅरी आणि संग्राम आत गेले. आम्ही तिघं गाडीत थर्मासमधला चहा पीत बसलो. दोन घोट होतात न होतात तोच लांबून एक बार ऐकू आला. एकच! थोड्या वेळानं गॅरी हसत आला. मोठी मादी पडली, संग्राम तिचं पोट साफ करतोय, म्हणाला. मी मनातल्या मनात मसालेभाताचं पातेलं उपडं केलं.

गॅरीनं गाडीचा मागचा दरवाजा उघडला, आणि त्याचं हसू मावळलं. "व्हेअर इज माय स्लेड?"

"आजी," अंकुर म्हणाला, "त्यांची घसरगाडी कुठाय? लांब, काळी, प्लास्टिकची. हरिण तिच्यात घालून ओढतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. ती? आमच्या गॅरेजमध्ये गॅरीनं आणून ठेवलेली? अगं बाई! ती मला परातीसारखी दिसली होती. चांगली पुरुषभर लांब परात! मी महिन्यापूर्वीच तिच्यात माती भरून गॅरेजच्याच खिडकीखाली ठेवली होती.

"त्यात मी मेथी पेरलीय," मी म्हटलं.

सौमित्रनं ते इंग्रजीत सांगितलं. गॅरी माझ्याकडं बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "ओके, मॅम." भला माणूस!

मधे दलदल, पडलेली झाडं, काटेरी झुडपं आणि एक ओढा पार करून आम्ही संग्रामजवळ पोचलो. हरिण बघितलं. मऊ, करडं, चांगलं साठ किलोचं. डोळे उघडे. मी आधी हात जोडले. मग काळीज पातेल्यात घेतलं. इतकी थंडी होती, की पातेल्यातून वाफा निघायला लागल्या.

पहिल्यांदा पोरांनी पाय धरून ओढून बघितलं. दहा पावलं गेलं नाही तोच ते एका ओंडक्यात अडकलं. दुसऱ्या खेपेला अंकुरच अडकला.

"काकी, हे पॉसिबल नाही यार," सौमित्र म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, आजी."

"आई, तू बस गाडीत," संग्राम म्हणाला. "गॅरी आणि मी घरी जाऊन स्लेड घेऊन येतो."

"घरी? जाऊन-येऊन दुपार टळेल! मग ते सोलणार कधी, कापणार कधी, शिजणार कधी? बाजूला व्हा!"

दोन लांब वाळकी खोडं पडलेली होती, ती उचलायला लावली. मध्ये आडव्या काठ्या टाकल्या. गॅरीची दोरी होती, तिनं करकचून बांधलं. वर हरिण ठेवलं. शिडीसारखी चांगली भक्कम वस्तू झाली. चौघांनी चार टोकं खांद्यावर घ्यायची, बस!

"आजी, हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय," अंकुर म्हणाला.

"बघितलं असशील. चल, उचल!"

तेवढ्यात गॅरी आडवा आला. म्हणाला, हरिण असं उघडं न्यायचं नाही. झाडांतून हलताना दुसऱ्या शिकाऱ्याला जिवंत वाटेल आणि तो गोळी घालेल. वर भडक रंगाचं काहीतरी हवं.

भडक रंगाचं तिथं काय होतं? आमच्या अंगावरची जाकिटं, आणि ती काढायची तर आम्हीच हरणं ठरणार. माझी नजर थंडी म्हणून खांद्यावर घेतलेल्या गोधडीवर गेली. पहिल्या नंबरची गोधडी! आईचं लुगडं, सासूचं लुगडं! पण मग शोभनाताई दिसल्या, डाव घेऊन मसालेभात वाढताना. "थोडा घ्या ना, विहीणबाई," म्हणणाऱ्या. मी डोळे मिटले आणि हरणाला गोधडीत पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलं. तोंड झाकलं. मेलेल्याचं तोंड उघडं ठेवू नये.

पुढं संग्राम आणि अंकुर, मागं गॅरी आणि सौमित्र. उचललं आणि हरिण सर्रकन घसरून अंकुरच्या मानेवर आलं! संग्राम माडासारखा उंच, बाकीचे तिघं बोरीच्या झाडाएवढे. सगळा भार एका कोपऱ्यात.

"सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी..." सौमित्र सुरू झाला.

"गप! संग्राम, तू हो बाजूला. तुझ्या जागी मी."

"आई, अगं तू? सत्तरीची बाई?"

"सत्तरी तुझ्या आईची असेल, खांद्याची नाही!"

गॅरीचं जादा नारिंगी जाकीट सकाळपासून माझ्या अंगात होतंच, त्यानं कान झाकणारी टोपीही माझ्या डोक्यावर बसवली. नऊवारीचा काष्टा मी वर खोचला; पायांत गॅरीचे जादा बूट आधीपासून होतेच. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं. संग्रामच्या हातात पातेलं दिलं. "तू पुढं चाल. वाट दाखव. आणि काळीज सांडू नकोस."

निघालो. पण पाय जुळेनात! गॅरीची पावलं लांब, माझी चटचट, अंकुर मध्येच थांबून फांद्या बाजूला करतोय. हरिण होडीसारखं डुलायला लागलं. सौमित्र "वन, टू" म्हणायचा, तर अंकुर "टू"ला डावा टाकायचा. शेवटी अंकुरच रडवेला होऊन म्हणाला, "आजी, मला एकच ठेका जमतो. आमच्या आजोबांच्या वेळी..." आणि त्यानं सुरू केलं, "श्रीराम, जयराम, जय जय राम!"

काय सांगू! पावलं अशी जुळली, जशी शिलाई मशीनची सुई! गॅरीसुद्धा दोन मिनिटांत "जे जे रॅम" म्हणायला लागला. पुढं लागलेल्या तळ्याच्या काठानं आमची वरात झकास चालली. मध्ये एकदा खाली ठेवलं, खांदे बदलले. वाटेत एक दाढीवाला शिकारी भेटला. आमच्याकडं बघून त्यानं टोपी काढून छातीशी धरली. मी म्हटलं, किती संस्कारी माणूस! ओझं वाहणाऱ्याचा मान राखतो!

तळ्यापलीकडून कच्चा रस्ता जातो. तिथं एक पांढरी गाडी थांबलेली मी बघितली होती. बघितली आणि विसरले.

गाडीशी पोचलो तेव्हा दुपार झालेली. माझा खांदा माझा राहिला नव्हता, पण हरिण गाडीत होतं! मी संग्रामला म्हटलं, "घाल फोन विहीणबाईंना. म्हणावं, तांदूळ डब्यात परत भरा." पण त्या जंगलात फोनला रेंज नव्हती, आणि रेंज येईपर्यंत संग्रामच्या फोनचा जीव गेला होता. अंकुर आणि सौमित्र मागं एकमेकांवर डोकं टाकून घोरत होते.

घराच्या गल्लीत वळलो तर दोन्ही बाजूंनी गाड्या!

"बघ," मी म्हटलं, "माणसं रश्श्याच्या वासानं आधीच आली!"

दाराबाहेर ही एवढी पायताणं. आत मात्र हसण्या-बोलण्याचा गलका नाही. मी गॅरीचं जाकीट तसंच घालून, टोपी तशीच ठेवून, दाराच्या फटीतून आत बघितलं. पंचवीसच्या पंचवीस माणसं खाली सतरंजीवर बसलेली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. टीव्हीच्या टेबलावर माझा फोटो, गोधडीला पहिला नंबर मिळाला तेव्हाचा. त्याला हार! निधी रडून रडून लाल झालेली. आणि मधोमध उभी राहून मालिनी बोलत होती.

"...आम्ही ॲपल सायडर आणायला चाललो होतो. तळ्यापलीकडून बघितलं, तर तीच गोधडी! चार खांद्यांवर! पुढं संग्राम, हातात मडकं, त्यातून धूर निघतोय. रामनाम चाललेलं. मी तशीच गाडी वळवायला लावली आणि सगळ्यांना फोन केले. आजींनी माइकवरून सांगितलंच होतं, मला रानात न्या. संग्राम खरा मुलगा निघाला. कायदा बघितला नाही, काही नाही."

"मला एक शब्द न सांगता!" निधी हुंदका देऊन म्हणाली.

मला हसू फुटणार होतं. पण तेवढ्यात शोभनाताई उठल्या. डोळ्यांना पदर लावलेला.

"तोंडानं फटकळ होत्या," त्या म्हणाल्या, "पण घर हलतं ठेवायच्या. मी सकाळी उठले की आधी त्यांच्याशी आज काय भांडायचं, ते ठरवायची. आता मी उठून करू काय?"

आता मात्र माझंच नाक चुरचुरलं. बाईला माझी एवढी किंमत! मी दार ढकलणार, तेवढ्यात मालिनी डोळे पुशीत म्हणाली, "आणि त्यांच्या हातचं मटण! मिठाला जरा हात सैल होता, पण किती प्रेमानं वाढायच्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी! अंगातली अख्खी कणव पळाली, राग डोक्यात चढला आणि मी धाडकन दार उघडलं.

"मीठ जास्त असतं? मग आठ वर्षं दोन-दोनदा वाढून काय घेत होतीस गं?"

मालिनी किंचाळली. मंडळाचे खजिनदार सोफ्यामागं गेले. निधी येऊन मला बिलगली आणि लगेच जाकिटावरचं रक्त बघून लांब झाली. शोभनाताई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. मला खालून वरपर्यंत बघून म्हणाल्या, "मग गोधडीत कोण होतं?"

"हरिण! आणि चौथा खांदा माझा! सातच्या आत आणलंय. घड्याळ बघा!"

घड्याळात पाच वाजले होते. मी जिंकले होते. काष्टा सोडून थेट ओट्याशी गेले. "निधी, मोठं पातेलं काढ!"

मागून गॅरी काहीतरी बोलला. संग्रामनं चाचरत मला सांगितलं, "आई, तो म्हणतो, हे आज शिजवायचं नाही. थंडीत आठवडाभर टांगून ठेवायचं, मगच मऊ होतं. आज चामड्यासारखं लागेल."

"हे तू मला आत्ता सांगतोस?"

"सकाळी सांगणार होतो. तू म्हणालीस, बाजूला व्हा."

पंचवीस माणसं दुपारपासून उपाशी बसलेली. आमच्या घरात मयत झालंय म्हणून चूल पेटवली नव्हती. शोभनाताईंनी शेजारच्या मराठी घरातून स्वयंपाक करून आणला होता. दुखवट्याचा, म्हणून बिनफोडणीचं पिठलं आणि भात. आणि पिठल्यात मेथी.

"मेथी कुठली?" मी विचारलं.

"गॅरेजमधल्या त्या काळ्या परातीतली," शोभनाताई म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या हातची शेवटची. सगळ्यांच्या पोटात जाऊ दे."

माझ्या दुखवट्याचं जेवण मी स्वतः जेवले. दोनदा घेतलं. वाईट एवढंच वाटलं, की चांगलं झालं होतं.

पुढच्या शनिवारी मात्र रस्सा माझ्याच हातचा झाला. पातेलं उतरवलं तर वास गल्लीच्या टोकापर्यंत. मांस लोण्यासारखं. पंचवीस माणसं बसली, पहिला घास घेतला, आणि तो तोंडातच घोळवत बसली. मी कमरेवर हात ठेवून उभी. शेवटी मालिनीनं चोरून इकडं-तिकडं बघितलं.

"आजी, जरा मीठ मिळेल?"

मग खजिनदारांनी मागितलं. मग अंकुर, सौमित्र. गॅरीनंसुद्धा बोटांनी चिमूट दाखवली. सगळ्या मंडळाच्या डोळ्यांदेखत मिठाची वाटी घेऊन शोभनाताई उठल्या आणि एकेका पानात वाढत, माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"थोडं घ्या ना, विहीणबाई."

घेतलं. लागतच होतं.