वीतभर फोड

"छोटी फोड द्या म्हणाली होती पोरगी. ही काय छोटीये?"

"कलिंगडाच्या मानाने छोटीच आहे," बाबा म्हणाले.

आत्याने कपाळाला हात लावला. पिंजऱ्यात ढोल्या, म्हणजे ताईचा गिनीपिग, पपईची वीतभर फोड दातांत धरून बसला होता. सालीसकट, बियांसकट. ओढायला गेलं की दात कटकट वाजवायचा.

नोकरीच्या गावी जाताना ताई बजावून गेली होती, "बाबांना जमतंय का बघू. नाही जमलं तर मैत्रिणीला देऊन टाकीन." बाबा सुतार. माणसांशी बोलायचे मोजकं, पण संध्याकाळी करवत खुंटीला लावली की दिवसभराचं सगळं ढोल्यासमोर ओतायचे. आत्याला सांगून उपयोग नव्हता, ती मध्येच बोलायची.

"बघत काय बसलायस, दादा? डॉक्टरांना लाव की."

बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, ढोल्याच्या तोंडात फोड आहे."

"अरेरे. आकार किती?"

"वीतभर."

"वीतभर? अख्खा प्राणी केवढाय?"

"तोही साधारण वीतभरच."

"त्यातून काही येतंय का?"

"रस येतोय. आणि काळ्या बिया."

"हात लावू नका," डॉक्टर हळूच म्हणाले. "आहे तसा घेऊन या."

दवाखान्यात डॉक्टर हातमोजे चढवून, डोक्याला दिवा बांधून तयारच होते. त्यांनी ढोल्याचं तोंड उघडलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"फोड कुठाय?"

"खाल्ली त्याने वाटेत."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग एकदाचा उलगडा झाला, आणि ते बराच वेळ दिवा सोडायचंच विसरले. "साल नाही, बी नाही. नखाएवढा तुकडा, तोही आठवड्यातून एकदा-दोनदा. आज नुसतं गवत आणि पाणी. लेंड्यांवर लक्ष ठेवा, पातळ झाल्या किंवा खायचा थांबला तर लगेच आणा."

"नखाएवढा म्हणजे मापाने किती सूत?" बाबांनी कानावरची पेन्सिल काढली. आत्याने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

घरी आल्यावर उरलेली पपई आत्याला डोळ्यांसमोर नको होती. टाकवत नव्हती, म्हणून बाबांनी उभ्या उभ्या सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. आत्याने तिला कालचं सगळं सांगून टाकलं होतंच.

"बाबा, पोट कसंय?"

बाबांना बरं वाटलं. पोरीला काळजी आहे. "कसलं काय, सकाळपासून नुसतं पाणी."

"काही खाल्लं का?"

"छे. घोटभर चहा घेतला फक्त."

"चहा?" ताईचा आवाज चिरकला. "बाबा, चहा पाजलात? मी निघतेय आत्ताच्या आत्ता. मैत्रिणीला सांगते पिंजरा घेऊन जायला."

बाबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. ढोल्या मजेत गवत चावत होता.

"अगं, तसं नाही. ऐक. ते पोट त्याचं नव्हे, ते..." पोटात गुरगुरलं. बाबांनी भिंतीला हात टेकला. "थांब. मला आता जायलाच हवं."