पोटासकट उमटलेला माळी

"खताच्या दिवसांत आपण बूड टेकत नाही!" गोल्फच्या मैदानावरचा माळी बायकोला छाती फुगवून सांगायचा. आपल्या गवताची त्याला एवढी मिजास, की सगळे त्याला 'गालिचा'च म्हणत. सध्या मुख्य माळ्याची जागा रिकामी होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता, गालिच्याचा आणि तिथेच कामाला असलेल्या त्याच्या साडूचा. हिवाळ्याआधीचं खत ज्याचं चांगलं पडेल त्याला जागा, असं क्लबच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं होतं. साडूपुढे नाक कापलं गेलं असतं, तर गालिच्याला घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

साडूनं खत टाकायला ढकलगाडी घेतली.

"गाडीला काय कळतंय? खत हातानंच पडायला हवं!" म्हणत गालिच्यानं गोणी पाठीवर मारली. तिचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता, पण पाठीला डोळे थोडेच असतात! गोणी हलकी होत गेली, तसं त्याला आपल्याच ताकदीचं कौतुक वाटत गेलं.

पंधरवड्यात खत लागू पडलं. पोपटी गवतातून एक गर्द हिरवा पट्टा निघाला तो थेट कॅन्टीनच्या मागच्या दाराशी, आणि तिथून उतारावरच्या झाडाखाली. तिथे त्यानं गोणी उशाला घेऊन ताणून दिली होती. खत पाझरत त्याच्या चहूबाजूंनी उतरलं होतं. आता तिथलं गवत माजलं होतं, मधोमध एक फिकट माणूस सोडून. पोटासकट!

गालिच्यानं गवत कापलं. रंग जाईना. पाणी मारलं. रंग आणखी चढला!

"हा कोण झोपलाय?" सेक्रेटरींनी क्लबच्या गच्चीवरून विचारलं. शेजारी गालिच्याची बायकोही होती, निकाल ऐकायला नटूनथटून आलेली.

"साडू!" गालिच्यानं ठोकून दिलं. "कामचुकार आहे तो पहिल्यापासून!"

साडूला त्या आकारात आडवं केलं. पाय घोट्यापर्यंत बाहेर! मग कॅन्टीनच्या स्वयंपाक्याला झोपवलं. तो मावेचना.

"आता तुम्ही."

"मी? पाठीत उसण भरलीय, साहेब!"

"मग आडवं पडून बरंच वाटेल."

गालिचा पडला. कोपर कोपराच्या जागी, पोट पोटाच्या जागी!

"अहो, डावी कुशी!" बायको वरून ओरडली. "घरीही हे अस्सेच झोपतात!"

गच्चीवर हशा पिकला. सेक्रेटरी खाली आले. "काही सांगायचंय तुम्हाला?"

मऊ गवत, उबदार ऊन, नुकतंच झालेलं जेवण. गालिचा घोरत होता.

"आता तासभर उठायचे नाहीत," बायकोनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, तुम्हीच व्हा मुख्य माळी!"

साडू लगेच कामाला लागला. आधी त्यानं पाण्याचे फवारे सुरू केले.