दुपट्याची एकमेव साक्षीदार

"गुन्हेगाराला घाम फोडायला मला तोंड उघडावं लागत नाही. मी नुसता दारात उभा राहिलो तरी काम होतं," नितेशकाका म्हणाला आणि ठमीने त्याच्या खांद्यावर दूध ओकलं.

काका दिवसा पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. उरलेल्या वेळात तो अख्ख्या मुलुंड पूर्वेचा एकमेव गुप्तहेर होता. ऐरोली पुलापलीकडचे खून तो घेत नसे. जेवायला वेळेवर घरी पोचता येत नाही.

आजची केस मात्र घरातलीच. ठमीचं दुपटं नाहीसं झालं होतं. पणजीच्या लुगड्याचं, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. ते नाकाशी धरल्याशिवाय ठमी झोपत नसे, आणि ठमी झोपल्याशिवाय आई झोपत नसे. सकाळी आईने चहात साखरेऐवजी नाचणीचं सत्त्व घातलं होतं. गुप्तहेराने तो चहा पिऊन 'झकास' म्हटलं होतं.

"भावजी, वाळत घातलेल्या कपड्यांत बघितलंत?"

"वहिनी, हा सामान्य माणसाचा प्रश्न झाला."

खरं तर सगळा गुन्हा ठमीच्या डोळ्यांदेखत घडला होता. दुपट्याची घडी कुणी केली, ते कशात ठेवलं, कुणी उचलून नेलं, तिला सगळं ठाऊक होतं. फक्त दात दोन होते आणि शब्द एकही नव्हता. तरी तिने जबानी दिली. कालपर्यंत जिथे तिचा पाळणा टांगलेला होता, त्या छतातल्या हुकाकडे बोट केलं.

"पंखा!" काका उडालाच. "पंख्याच्या वाऱ्याने दुपटं खिडकीतून खाली गेलं. खाली कोण राहतो? नंदकिशोर. त्याची स्कूटर एवढी चकचकीत कशी? मऊ कापडाने पुसतो म्हणून!"

काका तावातावाने खाली गेला आणि ओल्या हातांनी परत आला. नंदकिशोरने त्याच्याकडूनच स्कूटर पुसून घेतली होती.

"त्याचं कापड म्हणजे जुनं बनियन आहे," काका म्हणाला. "आता एकच संशयित उरते. दुपटं सतत कुणाच्या तोंडात असायचं? ठमे, आ कर बघू."

ठमीने दोन्ही दात वापरले.

"हल्ला!" काका ओरडला. आई खूप हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. ते काही ठमीला आवडलं नाही. तिने दोन्ही हात हुकाकडे केले आणि भोकाड पसरलं.

तेवढ्यात आजी मासळी घेऊन आली. "काय झाला गो? दोघी कित्याक रडतत?"

"आई, हिचं दुपटं हरवलंय," काका म्हणाला.

"हरवला खंय? वर सपनाकडे बारशाक पाळणो दिलो ना? पाळणो कधी रिकामो धाडतत? त्यात घालूचो नारळ कालच्या सारात गेलो. डोळ्यार चष्मो नाय, हाताक गावला ता घातलंय आत."

आईने डोळे पुसले. "पाळणा वर कुणी नेला?"

काका खांद्यावरचा दुधाचा डाग पुसू लागला. "डोक्यावरून नेला," तो म्हणाला. "मऊ लागत होतं खरं."

वर सपनाचं बाळ दुपट्यावर गाढ झोपलं होतं. सपनाचे केस पिंजारलेले, डोळे आईच्या डोळ्यांसारखेच लाल. "ताई," ती कुजबुजली, "जन्मल्यापासून आज पहिल्यांदा धड झोपलाय गं."

आईने पुढे केलेला हात मागे घेतला. ठमीने वाकून पाहिलं. आपल्या दुपट्यावर एवढासा माणूस!

"कात्री दे गं," आई म्हणाली.

दुपटं दुपदरी होतं. सपनाने बाळ अलगद उचललं आणि आईने शिवण उसवायला घेतली.

"वहिनी, पुराव्याला हात लावू नका!"

"भावजी, दोरी धरा."

एक पदर पाळण्यात गेला, बाळासकट. दुसरा ठमीच्या नाकाशी आला. सपना भिंतीला टेकली, आई सपनाला टेकली, आणि दोघींचे डोळे मिटले. ठमीचेही मिटत आले.

पाळणा करकरत होता. काका चुळबुळणाऱ्या नव्या बाळाला खांद्यावर घेऊन हळू आवाजात सांगत होता, "गुन्हेगाराला घाम फोडायला मला तोंड उघडावं लागत नाही..."

मग ओळखीचा आवाज आला, आणि काका म्हणाला, "अरेरे, शर्ट!"

ठमी निश्चिंतपणे झोपली.