हिर्डोशीची लाल खुर्ची

परदेशी पाहुण्याचा आदरसत्कार करणे हे प्रत्येक गावाचे कर्तव्य असून, ते पार पाडताना पाहुण्याची इच्छा विचारात घेण्याची कोठेही तरतूद नाही. स्लोव्हेनियाहून विद्यार्थी-देवाणघेवाणीत आलेल्या योहानाला हे जरा उशिराच कळलं. (तिच्या बदल्यात इकडून कोण गेलं, हे शेवटपर्यंत कुणाला समजलं नाही.) पुण्याच्या एका कॉलेजाने तिला भातलावणीच्या हंगामात हिर्डोशीला धाडलं. एका शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्यांच्यासारखं जगायचं, त्यांच्याबरोबर राबायचं, असा कार्यक्रम होता. योहाना त्यासाठी पुस्तकातून मराठी शिकली होती आणि तिने गुडघ्याएवढे बूटही घेतले होते.

सुरुवात भोरच्या एसटी स्टँडवरच झाली. गाडी खच्चून भरलेली. योहाना आत शिरताच एक आजोबा उठून उभे राहिले.

"आजोबा, तुम्ही बसा," ती म्हणाली.

"आसं कसं? तुमी पाव्हण्या," आजोबा म्हणाले, आणि दांडीला लोंबकळत थेट हिर्डोशीपर्यंत आले. सगळी गाडी त्यांच्याकडे अभिमानाने बघत होती. योहाना खिडकीबाहेर बघत राहिली.

ज्या फुलाबाईंच्या घरी तिची सोय केली होती, तिथे एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. फुलाबाई, त्यांचा थोरला मुलगा माऊली आणि सून नूतन, तिघंही जमिनीवरच बसत. खुर्ची तलाठ्यासाठी, नर्सबाईंसाठी आणि सोयरीक घेऊन येणाऱ्यांसाठी राखीव होती. नूतनने तिच्यावर कोरा टॉवेल अंथरला (लेबल अजून तसंच होतं), योहानाला बसवलं, आणि तिचं दैनंदिन जीवन सुरू झालं.

हे जीवन फार शिस्तीचं होतं. सकाळी खुर्चीवर चहा. मग शेजारी चहा. शेजाऱ्यांकडे खुर्ची असेलच असं नाही, म्हणून माऊली खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे आणि योहाना मागे, अशी मिरवणूक निघे. नको म्हणणं हा अपमान असल्याने प्रत्येक घरचा चहा घ्यावा लागे. (त्या महिन्यात गावात खपलेल्या साखरेपैकी निम्मी एकट्या योहानाच्या पोटात गेली, असा दुकानदाराचा अंदाज आहे. तो तक्रार करत नव्हता.) जेवून ताट उचललं की नूतन धावत येई.

"ठिवा वो म्याडम! आमाला पाप लागंल."

मग कार्यक्रम सुरू झाले. शाळेचं झेंडावंदन, व्हॉलीबॉलच्या सामन्यांचं उद्घाटन आणि पाण्याच्या नव्या टाकीचं पूजन, या सर्व प्रसंगी योहाना प्रमुख पाहुणी होती. शाल, नारळ झाल्यावर तिला दोन शब्द बोलायला सांगत. ती दर वेळी तेच बोलली.

"कृपया मला काम द्या."

टाळ्यांचा कडकडाट होई.

शेवटी ती हट्टाने शेतावर गेली. खुर्ची तिच्या आधी बांधावर पोहोचली होती. पाय चिखलात रुतू नयेत म्हणून (खुर्चीचे) माऊलीने खाली चपटे दगड लावले होते. खाली बायका कमरेत वाकून ओळीने लावणी करत होत्या, आणि योहाना वर छत्री धरून बसली होती. तिला फार लाज वाटली. परत गेल्यावर तिला सांगायचं होतं की मी तिथे त्यांच्यातली होऊन राहिले. निघायचा दिवस जवळ येत चालला आणि तिने अजून भाताच्या काडीला हात लावला नव्हता. त्या दुपारी ती चक्क रडली. घरच्यांनी बाजूला जाऊन गंभीर विचारविनिमय केला आणि खुर्ची टोचत असणार, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर उशी आली.

उशीवर बसून योहाना बांधावरून बघत होती. पलीकडच्या वाफ्यात लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं होती. त्या हिरव्यागार वाफ्यात एक म्हैस शिरली आणि शांतपणे चरू लागली. दृश्य सुंदर होतं. योहानाने मोबाईल काढून फोटो घेतला.

"अगं ए भवाने!" फुलाबाई ओरडल्या. "डोळं हायत का बटनं? म्हस समदी रोपं खातीया, अन् तू फोटू काढतीस? ऊठ! उतर खाली!"

वाकलेल्या बायका ताठ उभ्या राहिल्या. नूतनने जीभ चावली. योहानाने खाली उडी मारली, बूट चिखलात सोडले आणि अनवाणी पळत जाऊन म्हैस हाकलली. ती परत खुर्चीकडे जायला वळली, तेव्हा फुलाबाईंनी तिच्या हातात रोपांची जुडी कोंबली. तिची ओळ तिरकी गेली, म्हणून संध्याकाळपर्यंत तिने आणखी बोलणी खाल्ली. जेवणं झाल्यावर फुलाबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ताट घासून पालथं घाल." घासता घासता योहाना एकटीच हसत होती. इतका आनंद तिला एकाही शालीने झाला नव्हता.

पुढच्या रविवारी दारात मोटार थांबली. फुलाबाईंचा धाकटा मुलगा इंद्रजित आला होता. तो याच घरात जन्मला आणि आता पुण्यात नोकरीला असतो. पांढरे बूट जपत तो अंगणात उभा राहिला.

"योहाने," फुलाबाईंनी आतून हाक मारली, "इंद्रजित आलाय. खुर्ची आन गं. टावेल टाक वर."

योहानाने चिखलाच्या हातांनी खुर्ची आणली, टॉवेल अंथरला. जेवण झाल्यावर इंद्रजित ताट उचलायला लागला.

"राहू द्या हो," योहाना म्हणाली. "तुम्ही बसा."

तो बसला. आपल्याला गावात किती मान आहे, हे बघून त्याचा ऊर भरून आला.

आता एवढंच विचारायचं राहिलं. आपण मागच्या खेपेला गावी गेला होतात, तेव्हा आपल्यावर कुणी ओरडलं होतं का? नीट आठवून सांगा. घाई नाही. बसा, खुर्ची आणतो.