बुधवारची कुर्ली

"तारीख माझ्यावर सोडा! तुम्ही फक्त पोट घेऊन या!" असं उत्तमने शाळेच्या ग्रुपवर ठणकावलं, तेव्हाच कुणीतरी त्याला आवरायला हवं होतं.

परळच्या शाळेतले हे चौघे. पन्नाशी आली, पण एकत्र बसून मासे खाण्याचा योग काही येईना. कमलचा सोमवार, जयवंतचा गुरुवार, हेरंबचा मंगळवार आणि शनिवार. त्यात श्रावण, त्यात मार्गशीर्ष! मुलीचं लग्न जमवतानासुद्धा उत्तम एवढा थकला नव्हता. शेवटी एक निर्मळ बुधवार सापडला. जुन्या गिरणीच्या आवारातल्या झकपक हॉटेलात त्याने टेबल धरलं आणि मसाला कुर्ली आधीच सांगून ठेवली. ताटाएवढा खेकडा! कुणाला पत्ता लागू दिला नाही. स्वतः दुपारचा डबाही खाल्ला नाही, भूक राखून ठेवली.

कमल आल्या आल्या गहिवरलीच. "उत्तम, तू एवढा भाविक कधीपासून झालास रे?"

"म्हणजे?"

"संकष्टीला बोलावलंस ना! चंद्रोदयाला सगळ्यांनी मिळून उपास सोडायचा. काय भारी आयडिया!"

उत्तमने वार तपासले होते, महिने तपासले होते. चतुर्थी साफ निसटली होती.

"तोवर फराळाला काय सांगितलंयस?" जयवंतने विचारलं.

तेवढ्यात वेटरने ताट आणून ठेवलं आणि ऐटीत झाकण उचललं. हेरंबने डोळे मिटून "मोरया" म्हटलं. कमलने नाकाला रुमाल लावला.

"तू खा रे! आमचं काय नाय," जयवंत म्हणाला आणि तिघेही त्याच्याकडे बघत बसले.

अशा वेळी नांगी फोडायला माणूस निगरगट्ट लागतो. उत्तम नव्हता. "पार्सल करा," तो मेल्या आवाजात म्हणाला.

जयवंतने खिचडी मागितली, तर वेटर म्हणाला, "सर, साबूदाना नहीं है. क्विनोआ चलेगा?"

क्विनोआ उपासाला चालतो का, हे विचारायला हेरंबने आईला फोन लावला. आईने "ते काय असतं?" एवढंच विचारलं आणि बंदी घातली. चौघे लिंबूपाणी पिऊन उठले आणि उपास सोडायला आपापल्या घरी निघाले.

लालबागला दारातच बायकोने, मालनने, पिशवी हुंगली. "हे घरात नाय आणायचं! नैवेद्य व्हायचाय अजून."

उत्तम मुकाट्याने जिन्यात जाऊन बसला. कोपऱ्यातला फरशीचा तुकडा उचलून तो नांगी ठेचणार, तोच वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई खाली उतरल्या.

"उत्तमा, संकष्टीक कुर्ली?"

"छे छे, काकी! मांजरीसाठी आणलीय."

"गुणाचो माझो झील! मगे घाल तिका. मी बघतंय."

आणि त्या पायरीवर बसल्याच! मांजर आली. घाई नाही, गडबड नाही, बोटं चाटून खाणाऱ्या माणसासारखी तिने कुर्ली संपवली. उत्तमला खरोखर रडू आलं.

तो घरात शिरला, तेव्हा मालन चंद्राला हात जोडत होती.

"काय काय खाल्लंत मोठ्या हॉटेलात?"

"काय नाय," उत्तम पाटावर बसत म्हणाला, "मोदक वाढ. मलापण उपास सोडायचाय."